शुभावहिनींनी आणलेली सीडी

शुभा मोघे या बाईंबद्दल लिहावं असं काही विशेष नाही, असं तुम्हाला त्या स्वतःच सांगतील. मूळच्या नागपूरच्या. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये तीस वर्षं काढलेल्या. इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या तपासत नोकरी पूर्ण केली, मंडळाच्या गणपतीला दरवर्षी दीडशे जणांच्या मसालेभाताची जबाबदारी घेतली आणि एक मुलगा वाढवला. अशा बायका इथे गल्लोगल्ली आहेत. पण मला लिहायला हवं, कारण मी त्यांचा दोनदा अपराधी आहे. पहिल्या वेळी निदान मी घाबरलेला होतो. दुसऱ्या वेळी तेही कारण नव्हतं.

मी शैलेंद्र. रिफायनऱ्यांच्या पाइपांचं डिझाइन करतो. १९९१ साली नोकरीला लागलो तेव्हा माझे साहेब होते राजीव मोघे, शुभावहिनींचे यजमान. साहेब हुशार, कडक आणि एकमार्गी. ऑफिसात पाइपाला वाक द्यायचा तर तीन कारणं लिहून मागायचे आणि घरी मुलात जरा वाक दिसला तरी तसंच. वहिनी बरोबर उलट. माझं लग्न व्हायचं होतं, तेव्हा दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचो. "काय भावजी, आठवडाभर पिझ्झाच खाऊन राहिले का?" असं म्हणत त्या दारातच चेहरा वाचायच्या.

त्या काळी इथे टपालानं सीडी पाठवणारे क्लब असत. सभासद झालात की सुरुवातीला डझनभर सीडी जवळजवळ फुकट. आपल्या लोकांना फुकट म्हटल्यावर काय, आमच्या ऑफिसातला एकही देशी माणूस सुटला नाही. एकच गोम होती. दर महिन्याला एक कार्ड यायचं. 'या महिन्याची सीडी नको' अशी खूण करून ते परत पाठवायचं. नाही पाठवलं तर सीडी दारात हजर.

१९९२ च्या जुलैत मी कार्ड पाठवायला विसरलो आणि एक सीडी आली. सिएटलमधल्या तरुण मुलामुलींवर एक सिनेमा निघणार होता, त्याची गाणी. मी अर्धं गाणं ऐकलं. गायकाची दाढ दुखत असावी असं वाटलं आणि मी बंद केलं. परत करायची तर पोस्टात जायला हवं, बाहेर अडतीस डिग्री आणि अंगाला चिकटणारी हवा. मग आठवलं की साहेबांच्या शिवला गणिताच्या स्पर्धेत बक्षीस मिळालंय. चौदा वर्षांचा मुलगा, सिनेमाची गाणी, यात वावगं काय असणार? आपल्याकडे सिनेमाची गाणी म्हणजे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी ऐकायची वस्तू. सिनेमा यायच्या आधी गाणी बाजारात आलेली, हेसुद्धा मला अगदी घरच्यासारखं वाटलं. अडगळ होती ती, पण मी ती रंगीत कागदात गुंडाळून नेली आणि भेट म्हणून दिली. शिव कॅम्पला गेला होता. मी वहिनींच्या हातात दिली. "शिवला द्या, सिनेमाची गाणी आहेत," म्हणालो आणि बटाटेवडे खाऊन घरी आलो.

ते काय प्रकरण होतं हे मला पुढे वर्षा-दोन वर्षांनी मासिकात वाचून कळलं. ग्रंज म्हणतात त्या संगीताला. सिएटलच्या पावसाळी गावात, छोट्या क्लबांमध्ये ठरावीक मंडळी ते ऐकायची. मग एक-दोन बँड मोठे झाले, आणि त्यात या सिनेमाच्या सीडीनं बाकीच्यांनाही एकत्र बांधून मॉलमॉलमध्ये नेऊन ठेवलं. ज्यांनी त्या बँडांची नावंही ऐकली नव्हती, अशांनी ती सिनेमाची गाणी म्हणून घेतली. सिनेमा थोडा चालला, गाणी खूप चालली. मासिकात या सगळ्याचं श्रेय दिग्दर्शकाला दिलं होतं. कार्ड परत पाठवायला विसरणाऱ्या आळशी लोकांचाही त्यात थोडा हात असावा, पण ते कोण छापणार?

शिव त्या सीडीनं पार बदलला. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात हा मुलगा चौकड्यांचा जाड फ्लॅनेलचा शर्ट घालून फिरायला लागला. "याला ताप आहे का, बघ," असं साहेब वहिनींना म्हणायचे. केस खांद्यावर आले. मंडळात तबला वाजवायचा, तो सुटला आणि गिटार आली. वहिनींनी गॅरेजमधली स्वतःची गाडी बाहेर उन्हात काढली आणि तिथे ड्रम बसवू दिले, शेजारी तुरीच्या डाळीची पोती. चार पोरं आत बदडत असायची आणि वहिनी कानात कापूस घालून स्वयंपाक करायच्या. हायवेवर गाडी चालवायला त्या तोवर घाबरायच्या. शिवला वाजवायला न्यायचं म्हणून शिकल्या. तो आत वाजवत असे तोवर पार्किंगमध्ये गाडीत बसून मेथी निवडायच्या. "आज बास गिटारवाला पोरगा तालात मागे पडून राहिला होता," असं मला एकदा म्हणाल्या आणि मग स्वतःच हसल्या.

१९९३ च्या पाडव्याच्या आसपासचा तो रविवार. शिवचं प्रगतिपुस्तक आलं होतं आणि गणितात सी होता. आम्ही जेवायला बसलो होतो. साहेब उठले, शिवच्या खोलीत गेले आणि ती सीडी घेऊन आले. शिव त्यांच्या मागे. साहेबांनी सगळ्यांसमोर ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि विचारलं, "ही घरात आणली कोणी?"

माझ्या ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा साहेबांच्या टेबलावर होते. माझ्या कामाचा दाखला त्यांनी सही करून द्यायचा होता. सोमवारी करतो म्हणाले होते. ते हातात असलेलं काम डूख धरून अडवणारे गृहस्थ नव्हते, हे मला आज कळतं. तेव्हा मला समोर फक्त ती सही दिसत होती. वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पानात पाहिलं.

"मी आणली," वहिनी म्हणाल्या. "मॉलमधून."

साहेब परत येऊन पानावर बसले. आता कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं आणि मी बोललो. मी म्हणालो, "वहिनी, थोडं श्रीखंड वाढता का?"

त्यांनी वाढलं. जेवणं झाल्यावर डब्यातून सीडी काढून त्यांनी ती भांड्यांच्या साबणानं धुतली, पदरानं पुसली आणि शिवच्या हातात दिली. कव्हराला तडा गेला होता.

सोमवारी साहेबांनी सही केली. पुढच्या वर्षी माझं ग्रीन कार्ड आलं.

शिव ऑस्टिनला इंजिनिअरिंगला गेला आणि १९९८ मध्ये दुसऱ्या वर्षातून कॉलेज सोडून सिएटलला निघून गेला. साहेबांनी त्याचं नाव टाकलं. आणि मग "हिने आणलेली सीडी" हे त्यांचं पालुपद झालं. मंडळात कोणाची हिमानी डॉक्टर झाली, कोणाचा ऋषी सांता क्लाराला मोठ्या कंपनीत लागला, की साहेब पेढा हातात घेऊन म्हणायचे, "आमच्याकडे हिने सीडी आणली." लोक हसायचे. वहिनीही हसायच्या. हळूहळू मंडळातल्या बायका मुलांबद्दल सल्ला विचारायला वहिनींकडे जाईनाशा झाल्या. माझी बायको सीमा एकदा घरी येताना म्हणाली, "एवढी समजूतदार बाई, पण मुलाच्या बाबतीत चुकलीच बघ." मी रेडिओ मोठा केला. सीमालाही मी सांगितलेलं नव्हतं.

२००० मध्ये मी नागरिक झालो. झेंड्यासमोर हात वर करून शपथ घेतली. त्या दिवशी माझं भिण्याचं शेवटचं कारण संपलं. २००१ च्या मार्चमध्ये साहेब लवकर निवृत्त झाले, आता ते माझे साहेबही राहिले नाहीत. तरी मी गप्पच. तोवर इतकी वर्षं झाली होती की आता सांगायचं तर सीडीबद्दल नव्हे, त्या वर्षांबद्दल सांगावं लागलं असतं.

वहिनी दर ऑक्टोबरात आठवडाभर सिएटलला जायच्या. साहेब सोडायला जात नसत, म्हणून विमानतळावर मी न्यायचो. चाळीस मिनिटांचा रस्ता. मांडीवर चकल्यांचा डबा, पायाशी बॅगेत शिवसाठी शिवलेली गोधडी घडी करून कोंबलेली. मला वाटायचं, हीच आपली थोडी भरपाई. २००३ च्या फेरीत मी धीर केला. फिफ्टी-नाइन हायवेवर ट्रॅफिक तुंबला होता.

"वहिनी," मी म्हणालो, "ती सीडी…"

"भावजी, उजवी लेन घ्या. एक्झिट मिस कराल," त्या म्हणाल्या.

मी उजवी लेन घेतली. मला वाटलं, वहिनींनी माफ केलं. थोर बाई, मला शरमिंदा होऊ दिलं नाही. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

२००६ च्या एप्रिलमध्ये साहेबांची साठीशांत ठरली. साठ दिवे लावून ओवाळायचं, तर हॉलवाले पेटत्या दिव्यांना परवानगी देईनात. म्हणून घरीच करायची आणि स्मोक डिटेक्टरच्या बॅटऱ्या काढून ठेवायच्या असं ठरलं. ते काम माझ्याकडे होतं. गुरुजी एरवी सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारे. वहिनींनी शिवला बोलावलं होतं. साहेब त्यावर हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. आठ वर्षांत त्यांचं तेवढंच पुढे सरकणं वहिनींना पुरेसं होतं. सकाळपासून त्यांचं कशात लक्ष नव्हतं. पुरणात दोनदा साखर घातली.

शिव आला तो केस कापून. अठ्ठावीस वर्षांचा, चष्मा लागलेला, जरा पोट सुटलेला. बँड कधीच मोडला होता. आता तो सिनेमांसाठी गाणी निवडायचं काम करायचा. छोट्या सिनेमाला कुठे कोणतं गाणं लावायचं, कोणत्या अनोळखी बँडचं घ्यायचं, हे बघणारी माणसं असतात म्हणे. तो वडिलांना वाकून नमस्कार करायला गेला, तेव्हा साहेबांचा हात त्याच्या डोक्यापर्यंत गेला, पण टेकला की नाही ते मला दिसलं नाही.

ओवाळून झालं, जेवणं झाली. पंचवीसएक माणसं बैठकीच्या खोलीत बसली होती. शिवनं पिशवीतून एक सीडी काढून साहेबांना दिली. त्यानं गाणी निवडलेल्या पहिल्या सिनेमाची सीडी होती ती. "बाबा, इट्स अ स्मॉल फिल्म. पण गाणी लोकांना आवडतायत," तो अडखळत म्हणाला. "आत बघा. फर्स्ट पेज."

साहेबांनी चष्मा लावला आणि आतली पुस्तिका उघडली. पहिल्या पानावर इंग्रजीत एकच ओळ होती. ती त्यांनी मोठ्यांदा वाचली आणि मग जमलेल्या पोरासोरांना नव्हे, वहिनींना उद्देशून मराठीत सांगितली. "आईसाठी. पहिली सीडी तिनं आणली होती."

तेच वाक्य होतं. "हिने सीडी आणली." आठ वर्षं साहेब जे टोमणा म्हणून बोलत होते, तेच मुलानं अर्पण म्हणून छापलं होतं. साहेबांनी ती ओळ पुन्हा मनात वाचली असावी, कारण त्यांचे ओठ हलले. मग ते उठले, वहिनींपाशी गेले आणि ती पुस्तिका त्यांनी दोन्ही हातांनी वहिनींपुढे धरली. "घे," ते म्हणाले. "तुझी आहे." वहिनींनी हात पुढे केला.

आणि मी उभा राहिलो.

का, हे मी दोन वर्षं स्वतःला विचारतोय. मला वाटलं, सत्य बाहेर यायची हीच वेळ. मला वाटलं, वहिनींवरचा आळ आता तरी दूर करू. खरं तर आळ त्या क्षणी आपोआपच गळून पडला होता. मला मन हलकं करायची घाई झाली होती, बाकी काही नाही. सगळ्यांचे डोळे भरलेले, अशा वेळी माझं पापही त्यातच वाहून जाईल असा हिशेब होता.

"साहेब, ती सीडी वहिनींनी आणली नव्हती," मी म्हणालो. "मी दिली होती. त्या दिवशी मला बोलायचं धाडस झालं नाही. वहिनींनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

साहेब आधी माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. "अरे शैलेंद्रा! म्हणजे मी इतकी वर्षं भलत्याच माणसाला शिव्या घातल्या?" त्यांनी माझ्या पाठीत एक थाप मारली. लोक हसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटलो.

मग शिव आईकडे वळला. "आई? यू डिडन्ट?" एवढंच म्हणाला. हळू, लहान मुलासारखं.

वहिनींचा पुढे केलेला हात तिथेच होता. त्यांनी तो मागे घेतला आणि पदराला पुसला. "नाही रे," त्या म्हणाल्या. "काकांनी दिली होती. मी फक्त तुझ्या उशीवर ठेवली."

पुस्तिका साहेबांच्याच हातात राहिली. नंतर ती टीव्हीवर ठेवलेली मी पाहिली.

मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, माफ करा. फार उशीर केला. बैल गेला अन् झोपा केला असं झालं."

"उशीर नाही केला तुम्ही, भावजी," त्या म्हणाल्या. नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला. "शिव कॅम्पवरून आल्यावर मी ती त्याच्या उशीवर ठेवली होती. काकांनी दिली असं सांगायचंच राहिलं. तो धावत खाली आला. 'आई, यू बॉट धिस फॉर मी?' असा चेहरा झाला होता त्याचा, बाप्पा! त्याआधी मी त्याला काय आणायची? स्वेटर. गणिताची पुस्तकं. त्याला हवं ते मी कधी आणलंच नव्हतं. मला नाही म्हणवलं नाही. हो म्हटलं."

त्यांनी ओट्यावरचं पातेलं सिंकमध्ये ठेवलं.

"त्या रविवारी मी तुम्हाला नाही वाचवलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही खरं बोललात तर शिवला कळेल, अशी मला धडकी भरली होती. तुम्ही श्रीखंड मागितलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. हे मला टोचून बोलायचे, बायका हसायच्या, त्याचं काय एवढं. पोराला वाटत होतं ना, आईनं आणली."

त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुन्हा नळ सोडला आणि पुरणाचं पातेलं घासायला घेतलं. मी बाहेर येऊन खुर्चीवर चढलो आणि स्मोक डिटेक्टरमध्ये बॅटऱ्या घालून ठेवल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तसं बघितलं तर सगळं छान झालं. शिव आता दर रविवारी फोन करतो आणि साहेबच उचलतात. ऑक्टोबरात दोघं मिळून सिएटलला जातात, विमानतळावर साहेब स्वतः गाडी चालवत नेतात. मंडळात साहेब आता मला पुढे करून सांगतात, "याने सीडी दिली, म्हणून आमचा पोरगा सिनेमात." लोक माझं कौतुक करतात. वहिनी हसतात, पूर्वी हसायच्या तशाच. शिव त्यांच्याशी प्रेमानं वागतो, तक्रारीला जागा नाही. पण सीडीची गोष्ट तो आता सांगतो तेव्हा माझ्याकडे बघून सांगतो.

यंदा, २००८ च्या फेब्रुवारीत, वहिनींचा फोन आला. तिळगूळ राहिलाय, घेऊन जा, म्हणाल्या. मी गेलो. त्यांनी डबा दिला आणि वर एक सीडी ठेवली. शिवच्या त्या सीडीची दुसरी खेप निघाली होती. मी दारात उभ्यानंच उघडली. पहिल्या पानावरची ओळ बदलली होती. शैलेंद्रकाकांसाठी. पहिली सीडी त्यांनी दिली होती.

"वहिनी, हे मला नको," मी म्हणालो. "मी शिवला सांगतो, पहिलंच ठेव म्हणून."

"त्याला मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "छापायचं तर खरं छाप, म्हटलं. तो नकोच म्हणत होता."

मी ती परत त्यांच्यापुढे धरली. दोन्ही हातांनी, साहेबांनी धरली होती तशी. त्यांनी हात पुढे केला नाही.

"घ्या हो भावजी," त्या म्हणाल्या. "तुमचीच होती."